निळे बाक

क्रांतीनंतरच्या यादवीत विजय कोणाचा होतो, हे इतिहासाने रक्त सांडून सिद्ध केलेले आहे, आणि ज्या समाजाला हे नियम उमगत नाहीत त्याच्या नशिबी पुन्हा गुलामी येते. प्राध्यापक चंद्रशेखर यांनी हे वाक्य विहारात उभे राहून म्हटले तेव्हा समोर सात माणसे होती. त्यातली दोन त्यांच्या घरचीच होती आणि एक जण नुसता पाऊस थांबायची वाट पाहत होता.

चंद्रशेखर सर चिखलीच्या एका कॉलेजात इतिहास शिकवत आणि अमडापूरच्या पलीकडे, उंद्रीच्या वाटेवरच्या आपल्या गावातून मोटारसायकलने येजा करत. रशियात लाल का जिंकले आणि पांढरे का हरले, यावर त्यांचा प्रबंध होता. तो त्यांच्या मार्गदर्शकांनी वाचला होता असे सर मानत.

गावातली क्रांती बुद्धपौर्णिमेला झाली होती. वस्तीच्या समता मंडळाचे अध्यक्ष जानराव हे विहाराला कुडाच्या भिंती होत्या तेव्हापासून अध्यक्ष होते. विहाराची चावी त्यांच्या करदोड्याला असे. लग्नाला सतरंज्या हव्या असोत की मयताला पातेली, आधी जानरावांना झोपेतून उठवावे लागे. सर आणि त्यांचा धाकटा भाऊ प्रेमानंद यांनी भरसभेत त्यांना पायउतार केले. सत्तांतर शांततेत पार पडले. करदोड्याची गाठ सुटेना तेव्हा थोडी ओढाताण झाली, तेवढीच.

मग क्रांतिकारकांत फूट पडली. मंडळाने आधी काय करावे, हा मुद्दा होता. सर म्हणत, मंडळाची लेखी घटना. प्रेमानंदचे वेल्डिंगचे दुकान होते. तो म्हणे, विहाराचे छप्पर.

"दादा, पाणी गळून राह्यलं आपल्या डोक्यावर."

"पाणी गळणं हे लक्षण आहे प्रेमा. रोग वेगळा आहे."

"मंग तू रोगाचं पाह्य. मी लक्षणावर पत्रा टाकतो."

"घटनेशिवाय पत्रा कोणाच्या अधिकारात टाकणार?"

"शिडीवर चढून टाकतो ना! अधिकार काऊन लागते त्याले?"

यावर सभेत हशा पिकला आणि तो हशा सरांच्या जिव्हारी लागला. आषाढी पौर्णिमेला वर्षावास सुरू झाला. वर्षावासात तीन महिने रोज संध्याकाळी सगळी वस्ती विहारात जमून ग्रंथवाचन ऐकते. त्या साली वाचने दोन झाली. सरांचे विहारात आणि प्रेमानंदचे रस्त्यापलीकडे, त्याच्या दुकानाच्या पत्र्याच्या शेडमध्ये.

सिद्धांताने पाहिले तर लढाई सुरू होण्याआधीच संपली होती. केंद्र ज्याच्या हाती, विजय त्याचा. विहार सरांकडे होता, चावी सरांकडे, माइक, कर्णा, सतरंज्या, सारे सरांकडे. पदच्युत जानरावसुद्धा सरांकडेच येऊन बसले. उलथून पाडलेला राजा आपल्याच छावणीत असणे प्रबंधात बसत नव्हते, पण सरांनी ते प्रबंधाचे न्यून मानले.

आणि आई सरांकडे होती. भिमाबाई सरांच्याच घरी राहत. वर्षावासाच्या समाप्तीला, आश्विन पौर्णिमेला, अख्ख्या वस्तीची खीर दरसाल त्यांच्या हातची असे. खीर जिकडे शिजेल तिकडे वस्ती जेवेल, आणि वस्ती जेवेल तिकडेच मंडळ, हे सरांनी सुवर्णाला, म्हणजे बायकोला, भाजी निवडताना समजावून सांगितले होते.

"म्हणजे सासूबाई तुमची तोफ," सुवर्णा म्हणाली.

"विनोद करू नकोस."

"मी कुठं करून राह्यले?"

पहिल्या आठवड्यात विहार भरलेला होता. सर एक पान वाचत आणि त्यावर रशियासकट दोन पानांचे बोलत. मग गळती लागली. आधी दोन म्हाताऱ्या दिसेनाशा झाल्या. दुसऱ्या दिवशी त्यांच्या सुना गेल्या, कारण सासवांना अंधारात घरी आणायला कोणीतरी हवेच होते. सुनांमागे लेकरे गेली आणि लेकरांना हाका मारत त्यांचे बाप. सरांनी याचा खोलवर विचार केला. शत्रूचा प्रचार प्रभावी असावा. त्यांनी व्याख्यान वाढवले.

एके संध्याकाळी जानराव वाचन चालू असतानाच भिंतीला धरून उठले, चपला शोधल्या आणि रस्ता ओलांडून गेले. ते पुन्हा आले नाहीत. क्रांतीने ज्याला पाडले तोच क्रांतीच्या शत्रूला जाऊन मिळतो, हे अगदी प्रबंधातल्यासारखे झाले, म्हणून सरांना त्याही दुःखात जरा बरे वाटले.

त्यानंतर तिसऱ्या की चौथ्या दिवशी भिमाबाई उठल्या. एक हात खांबाला, दुसरा मांडीवर. मधेच थांबल्या, पुन्हा जोर केला. सरांना ती घालमेल वाटली. दोन बाजूंमध्ये सापडलेल्या वर्गाची घालमेल त्यांनी पुष्कळ वाचली होती.

"माय, कुठं चालली?"

"जाते बापा पलीकडं. गुडघे—"

"गुडघ्याचं नंतर पाहू. हे प्रकरण संपू दे." सरांच्या हातात माइक होता. "घरातलेच फितूर निघाले तर इतिहासानं तरी काय करावं?"

कर्ण्याचे तोंड रस्त्याकडे होते. पलीकडचे वाचन थांबले. कुठलेतरी कुत्रे भुंकायचे तेवढे भुंकून गप्प झाले.

भिमाबाई दारापाशी वळल्या. "फितूर म्हणलं का रे मले?"

सरांनी घसा खाकरला, तोही कर्ण्यातून रस्त्याला ऐकू गेला.

"पह्यले तो माइक बंद कर," त्या म्हणाल्या आणि गेल्या.

त्या रात्री त्या घरी आल्या नाहीत. सकाळी प्रेमानंदची बायको महामाया आली आणि त्यांची दोन लुगडी, चष्मा आणि मालिशच्या तेलाची बाटली घेऊन गेली. सरांकडे तिने पाहिलेसुद्धा नाही.

सरांना झोप लागेना. कॉलेजात शिकवता शिकवता वाक्य अर्ध्यावर तुटे. ओट्यावरची आईची खाट सुवर्णाने उचलली नाही, मुद्दाम. येता जाता सरांची नडगी खाटेला आपटायची.

"तुमचं केंद्र मजबूत आहे," ती म्हणायची. "आईची खाट तेवढी रिकामी आहे."

"तिनं बाजू बदलली सुवर्णा."

"त्यायनं कूस बदललेली पाह्यली मी, रातभर. कण्हायच्या. तुम्ही ते रशियातलं वाचत होतात."

आश्विन पौर्णिमा दोन दिवसांवर आली तेव्हा विहारात सुवर्णा आणि एक परगावचा पाहुणा असे दोघेच उरले. पाहुण्याला कोणीतरी चुकीचा पत्ता सांगितला होता. सरांनी पुस्तक मिटले, चावी खिशात घातली आणि हरलेला सेनापती निघावा तसे निघाले. मधला रस्ता ओलांडायला त्यांना तीन महिने लागले होते.

शेड गच्च भरली होती. भिंतीच्या कडेने लोखंडी बाकांची रांग लागलेली, पाठ असलेले, हात असलेले, झक्क निळ्या रंगाचे. त्यावर वस्तीतली झाडून सारी म्हातारी माणसे पाय सोडून बसली होती. जानराव टेकून घोरत होते. टोकाच्या बाकावर भिमाबाई होत्या. बाकीची वस्ती खाली मातीत, आपापल्या म्हातारीच्या पायाशी. प्रेमानंद अडखळत वाचत होता. कशावरही काही बोलत नव्हता.

भिमाबाई सरकल्या आणि बाकावर हात आपटला. सर बसले. गुडघे काटकोनात आले तेव्हा त्यांना स्वतःलाही हलके वाटले, आणि त्यांचे वय काही फार नव्हते.

बराच वेळ ते बाकाच्या हातावरून बोट फिरवत राहिले.

"लय दुखते का माय?"

"दोन सालापासून. खाली बसली की उठता येत नाही. तुले सांगतलं होतं. तू म्हणला, घटना होऊ दे."

सरांनी मान खाली घातली. "मी फितूर म्हणालो तुले. चुकलं माझं."

"हाव. अख्ख्या गावानं ऐकलं ते." भिमाबाईंनी डोळे पुसले नाहीत, चष्मा पुसला. "माफी बी माइकवर माग."

सर विहारात गेले. कर्ण्यातून त्यांचा आवाज आला, फुटका आणि थोडक्यात. आयुष्यात पहिल्यांदाच त्यांनी उदाहरण दिले नाही. पलीकडे कोणीतरी टाळ्या वाजवल्या, मग त्याला गप्प केले.

वाचन संपल्यावर सरांनी चावी भावाच्या हातावर ठेवली. "प्रेमा, खरं सांग. बाकांची योजना कोणाची? तुझ्यामागं कोणीतरी डोकं आहे."

"योजना कायची दादा? जानेफळकडच्या एका गावच्या पंचायतीची ऑर्डर होती, स्मशानभूमीसाठी. पांढरे सांगतले होते. माह्या हाताले निळाच डबा लागते, तुले माहीत आहे. ते लोक आले, पाह्यलं अन् म्हणले, आमच्या स्मशानात हे चालत नाही. तवापासून पडून आहेत."

"म्हणजे सगळा विजय—"

"कोणता विजय? म्हाताऱ्या आल्या, बसल्या. बसूनच राह्यल्या."

सरांनी प्रबंधातली सगळी प्रकरणे मनातल्या मनात चाळली. बसण्याच्या सोयीवर एकही नव्हते.

तिथेच उभ्याउभ्या मंडळ पुन्हा एक झाले. ठराव दोनच झाले. छपरावर पत्रा टाकायचा आणि बाक कायमचे विहारात न्यायचे. खीर विहारात शिजणार आणि भिमाबाई बाकावर बसून, ढवळणाऱ्यांना शिव्या देत ती करवून घेणार. त्या रात्री त्या सरांच्या घरी झोपल्या. सरांनी तेल लावून त्यांचे गुडघे चोळले. भाषण केले नाही.

सकाळी विहारात न्यायला म्हणून बाक रस्त्याकडेला काढून ठेवले होते. तेवढ्यात जानेफळच्या बाजूने ट्रॅक्टर आला. पंचायतीचा ग्रामसेवक बदलला होता आणि नव्या माणसाने जुनी ऑर्डर उघडून पाहिली होती. पैसे आगाऊ भरलेले होते, माल त्यांचाच होता, त्यामुळे कोणाला काही बोलता आले नाही. माणसांनी एकेक बाक ट्रॉलीत चढवला. शेवटच्यावर भिमाबाई बसल्या होत्या. दोन्ही मुलांनी त्यांना काखेत धरून उठवले आणि तोही गेला.

पांढरा रंग त्यांनी सोबतच आणला होता.