कबुतरांसाठी टांगलेली सीडी

कबुतरं म्हणजे पाखरं नव्हेत, पीडा आहे पीडा. काचीगुड्याचं रेल्वे क्वार्टर सोडून आम्ही या तिसऱ्या मजल्यावरच्या फ्लॅटात आलो त्याला सहा वर्षं झाली, आणि सहा वर्षं माझी सकाळ बाल्कनी खरवडण्यात जाते. जामबागच्या शाळेत मी एकवीस वर्षं आया म्हणून नोकरी केली. दोन-दोनशे पोरं सांभाळली, पण इतकं बेशरम कुणी बघितलं नाही. हाकललं की समोरच्या गच्चीवर जाऊन बसतात, मी आत वळले की परत हजर.

"सीड्या टांग," असं आमच्या ह्यांनी सांगितलं. हे म्हणजे सूर्यभानराव, रेल्वेच्या सिग्नल खात्यातून रिटायर झालेले. "उन्हात चकाकतात, पाखरं भितात. समोरच्या तेलुगू बाईनं टांगल्यात, बघ." सांगितलं आणि पेपर तोंडासमोर धरला. टांगायचं कुणी? मी, विमलाबाईनं.

सीड्या घरात होत्या, चांगल्या डबाभर होत्या. पण डबा उघडला तर वरच निघाल्या भीमगीतांच्या. जयंतीला क्वार्टरसमोर लावायचो त्या. त्या कबुतरांच्या घाणीपुढे टांगायच्या? माझा हातच होईना. त्याखाली निघाली रोशनीच्या लग्नाची. लेकीचं लग्न कुणी दोरीला बांधतं का? मग कपाटात वर, संघपालच्या पुस्तकांमागे, एक काळा जाड खोका सापडला. वर एक राक्षस, तोंडातून रक्त, हातात त्याच्याहून लांब तलवार. आत पाच सीड्या. आणि शेवटच्या सीडीवर त्या राक्षसाचं नुसतं तोंड, लालभडक डोळ्यांचं. मी म्हणलं, हे बेस. हे बघून कबुतरंच काय, त्यांचे बापसुद्धा येणार नाहीत. भोकातून लोकरीचा धागा ओवला आणि ग्रिलला बांधून टाकली.

महिनाभर ती सीडी तिथं होती. तिनं ऊन खाल्लं, धूळ खाल्ली, वारा आला की ग्रिलवर आपटत राहिली. आणि कबुतरं? तिच्याच शेजारी बसून घुमायची मेली.

मग शनिवारी सकाळी संघपालनं हाक मारली, "आई, कपाटातला काळा बॉक्स कुणी काढला होता का? पाचवी डिस्क नाहीये त्यात."

माझी नजर गेली ती सरळ बाल्कनीच्या ग्रिलकडं.

संघपाल माझा धाकटा. लहानपणापासून चित्रं काढतो. दोन वर्षं तो माधापूरच्या एका कंपनीत होता. जपानच्या कुठल्याशा कार्टून मालिकेचं काम त्यांच्याकडं आलं होतं. माणसं आणि राक्षस जपानवाले काढायचे. मागची घरं, डोंगर, रस्ते आमची पोरं. मी विचारलं की म्हणायचा, "भुताखेताचं आहे आई, नुसती कापाकापी. तू नको बघू." मीपण म्हणलं, नको तर नको. मग ती कंपनीच बंद पडली. मालक कुलूप लावून गेला तो गेलाच. अनुभवाचा दाखला नाही, काही नाही. केलेली चित्रं घरी आणायची बंदी होती, म्हणून जवळ एक कागदसुद्धा नाही. वर्ष झालं, पोरगा घरात आहे. जिथं जातो तिथं म्हणतात, हे काम तुम्हीच केलं कशावरून? आता एका नव्या स्टुडिओनं सोमवारी अकराला बोलावलं होतं, आणि त्यांची अट एकच, मालिकेत तुमचं नाव आलेलं दाखवा. मोबाईलवर ती मालिका दिसते, पण त्यात शेवटची नावं कापून टाकलीत. सगळ्यांची नावं एकाच ठिकाणी होती, त्या पाचव्या सीडीच्या शेवटी.

हे सगळं मला कुणी सांगितलं होतं? कुणी नाही! मला हे समजलं त्या शनिवारी, आणि तेही तो दारात उभा राहून सांगत होता तेव्हा. मी "बघते हं" म्हणून बाल्कनीत सटकले. सीडीवर कबुतरांचा वाळलेला चुना. तशीच पदराखाली धरून मोरीत आणली आणि भांड्याचा साबण लावून तारेच्या घासणीनं घासायला लागले. स्वच्छ करून खोक्यात ठेवू, म्हणलं, कोण विचारतंय. चांगली चकचकीत होईपर्यंत घासली.

मागं वळले तर संघपाल उभा.

ओरडला असता तर बरं झालं असतं. त्यानं सीडी हातात घेतली, उजेडाकडं धरली, आणि पलंगावर जाऊन बसला. मग मीच ओरडायला लागले. चूक माझी आणि आवाजही माझाच! "असली जिवाची वस्तू पुस्तकांमागं ठेवतात का? आईला सांगायचं नाही? त्या नावाचा साधा फोटो काढून ठेवायला काय झालं होतं?"

"काढला होता," तो म्हणाला. "जुना फोन बसमध्ये गेला ना, त्यात होता."

"मग दुसरा खोका मागव!"

"जपानहून येतो आई. महिना लागतो."

ह्यांनी पेपर खाली केला. "मी सीड्या टांग म्हणलो होतो. ही टांग असं म्हणलो होतो का?"

"तुम्ही तर बोलूच नका," मी म्हणलं. माझा असा संताप झाला होता, असा, की त्या घासणीचा चेंडू मी खिडकीतून बाहेर फेकला. कबुतरं उडालीसुद्धा नाहीत.

बरं, सीडी चालते का नाही हे तरी बघावं, तर घरात लावायला यंत्र नाही. लॅपटॉपला सीडीची फटच नाही. ज्या मित्राकडं त्यानं ती पहिल्यांदा बघितली, तो यंत्रासकट बंगळूरला गेलेला. आता काय करायचं? मी चपला घातल्या, संघपालचा दंड धरला आणि म्हणलं, "चल कोटीला." तो म्हणाला, काही उपयोग नाही. मी म्हणलं, उपयोग नसला तर नसला, पण चल.

कोटी बाजारातल्या त्या टीव्ही-रेडिओच्या गल्लीत मिळत नाही असं काही नाही म्हणतात. साफ खोटं. पहिला दुकानदार हसला. दुसरा म्हणाला, आजकल सीडी कौन देखता अम्मा, पेन ड्राइव्ह ले लो. तिसऱ्यानं माझ्याकडं बघितलंसुद्धा नाही. चौथ्याकडं यंत्र होतं, पण या सीडीचं नव्हतं. ही म्हणे वेगळी, ब्लू-रे. सीडी ती सीडी, त्यात आणखी वेगळी काय? ऊन डोक्यावर आलेलं, गल्लीत स्कूटर आणि हातगाड्या, आणि माझा पोरगा मागून गुपचूप चालतोय. पाचव्या दुकानात वहीदभाई म्हणून एक पांढऱ्या दाढीचे गृहस्थ निघाले. लग्नाच्या व्हिडिओवाल्यांची यंत्रं दुरुस्त करतात. त्यांच्याकडं एक चालू यंत्र होतं.

मी म्हणलं, "भाईसाब, इसकू थोडा पॉलिश मारके देव ना."

त्यांनी सीडी बघितली आणि कपाळाला हात लावला. "अम्मा, ब्लू-रेकू पॉलिश नक्को. घिसे तो गई समझो. किसने किया ये हाल?"

"मैंने," मी म्हणलं. लपवून काय होणार होतं?

त्यांनी यंत्र पुढं ओढलं. मऊ कापडानं पुसून सीडी आत सरकवली. संघपालनं आधी सरळ शेवटाकडं उडी मारून बघितली, जिथं नावं असतात तिथं. पडदा काळा. परत केलं, परत काळा. वहीदभाई म्हणाले, सीडी आतून बाहेर वाचली जाते. शेवट काठाजवळ असतो आणि काठच सगळ्यात जास्त घासलाय. म्हणजे बघा, एवढी मोठी सीडी, आणि मी नेमका माझ्या पोराच्या नावावर जोर काढला होता.

"शुरू से चला के देखते," वहीदभाई म्हणाले. "नसीब रहा तो खिंच लेगी."

लावली. चाळीस मिनिटं मी त्या स्टुलावर बसून ती कापाकापी बघितली. चित्र मध्येच थांबायचं, चौकोन चौकोन व्हायचे, परत पुढं सरकायचं. एक जखमी पोरगा तलवार घेऊन राक्षसाच्या मागं. रक्त, धूर, किंकाळ्या. मनात म्हणलं, यासाठी दोन वर्षं गेली? यासाठी पाठ मोडून घेतली? बँकेची परीक्षा दिली असती तर आज कुठल्या कुठं असता. मन नुसतं जळत होतं, त्याच्यावर का स्वतःवर ते मलाच कळत नव्हतं.

तो पोरगा एका गावात शिरतो. गाव रिकामं, आभाळ तांबडं. एका घराचं दार ढकलतो, आत जातो. आणि तिथं सीडी अडकली. अडकली म्हणजे ठार अडकली. वहीदभाईंनी पुढं दाबलं, मागं दाबलं. ढिम्म.

"बस अम्मा," ते म्हणाले. "इसके आगे नहीं जाती. सॉरी."

संघपाल उठला. म्हणाला, "चल आई."

मी उठले नाही. मी पडद्याकडं बघत होते. त्या घरात चूल होती, चुलीवरची भिंत काळी झालेली, आणि शेजारी भिंतीला भांड्यांची मांडणी. तीन फळ्यांची. खालची फळी डावीकडं उतरलेली, आणि ती पडू नये म्हणून तिच्याखाली ठोकलेली लाकडाची पाचर. वर चार खिळे. पहिल्याला गाळणी, दुसरा मोकळा, तिसऱ्याला माप, चौथ्याला झारा.

"अरे, ही माझी मांडणी आहे!"

संघपाल परत माझ्या स्टुलाजवळ आला.

ती मांडणी ह्यांनी क्वार्टरमध्ये मारली होती. सिग्नल सरळ करणारा माणूस, पण घरची फळी वाकडी! सव्वीस वर्षं मी त्यांना त्या फळीवरून बोलतेय. तांब्या ठेवला की गडगडत डावीकडं. शेवटी ह्यांनी रुळाच्या कामातली लाकडी पाचर आणून खाली ठोकली, तेव्हा कुठं टिकली. नव्या फ्लॅटात येताना सगळे म्हणाले भंगारात द्या, मी दिली नाही. आजही ती माझ्या स्वयंपाकघरात तशीच वाकडी आहे, दुसरा खिळा मोकळाच आहे.

"हे तू काढलंस?"

"हो. त्यांनी सांगितलं, गरिबाचं घर काढा," संघपाल म्हणाला. "मला आतून माहीत असलेलं एकच होतं."

"आणि मला दाखवलं नाहीस? दोन वर्षं? मी विचारलं की भूतखेत, भूतखेत! अरे, मला दाखवलं असतंस तर मी ही सीडी ग्रिलला टांगली असती का रे? उशाशी ठेवली असती!" माझा आवाज चढला होता, रडूही येत होतं, दुकानात दोन गिऱ्हाइकं होती, पण मला कशाची पर्वा नव्हती.

तो खाली बघत म्हणाला, "आई, पुढच्या मिनिटाला तो राक्षस येतो आणि ते घर जाळतो. म्हणून नाही दाखवलं. तू ते बघावंस असं वाटलं नाही."

मी परत पडद्यावरच्या त्या चुलीकडं बघितलं.

वहीदभाईंनीच पाण्याचा ग्लास पुढं केला. पाणी प्यायले, डोळे पुसले, आणि डोकं जागेवर आलं. म्हणलं, "नाव गेलं ना? जाऊ दे. पडद्याचा फोटो काढ. घरी चल, मांडणीचा फोटो काढ. दोन्ही शेजारी शेजारी ठेव. पाचर, खिळे, सगळं दिसलं पाहिजे. नाव काय, कुणाचंही असू शकतं. ही फळी जगात दुसऱ्या कुणाच्या घरात आहे का विचार त्यांना!"

घरी आल्यावर मांडणीसमोर त्यानं फोटो काढला, तेव्हा आमचे हे मागं येऊन उभे राहिले. पडद्याचा फोटो बघितला, भिंतीकडं बघितलं, परत फोटो बघितला. "माझी फळी जपानला गेली," म्हणाले, "आणि तू सव्वीस वर्षं नावं ठेवतेस." मी म्हणलं, वाकडी होती म्हणूनच उपयोगी पडली, उगं फुगू नका.

सोमवारी अकरा ते तीन माझं जेवणात लक्ष नव्हतं. साडेतीनला तो आला. त्या स्टुडिओतल्या बाईंनी म्हणे दोन्ही फोटो मोठे करून बघितले, किती तरी वेळ. मग विचारलं, फळी अशी तिरकी का? हा म्हणाला, बाबांनी मारलीय. त्या हसल्या, तिथंच बसवून त्याच्याकडून एक चित्र काढून घेतलं, आणि एक तारखेपासून ये म्हणाल्या. मी त्याला गरम भाकरी वाढली.

जेवता जेवता तो म्हणाला, "ती खराब डिस्क टाकून दे आता. पहिल्या पगारात नवा बॉक्स मागवतो. तू नीट सगळं बघ, शेवटी माझं नाव येतं ते पण बघ."

मी विचारलं, "त्या नव्यात घर जळतं का?"

"जळतं ना. गोष्टच तशी आहे."

ओरखड्यांची ती सीडी मी मांडणीच्या खालच्या फळीवर ठेवली होती. ती घसरत डावीकडं जाऊन भिंतीला टेकली होती. मी उठून ती पदरानं पुसली आणि परत तिथंच ठेवली.

"मग नवी तुझी तू बघ," मी म्हणलं. "मला हीच राहू दे. हिच्यात जळत नाही."