अच्युत मारारांचा डावा हात

मी एक जुना काळा दगड आहे. देवळाच्या तुटलेल्या पायरीचा तुकडा. साठ वर्षं मी मार खाल्ला आणि त्याबद्दल माझी कधीच तक्रार नव्हती. आज मात्र मी रागावलो आहे.

अच्युत मारारांचा शेवटचा मंगळवार अगदी रोजच्यासारखा होता. पहाटे मनगटांना तेल चोळून ते माझ्यासमोर बसले आणि चिंचेच्या जाड काठ्यांनी मला बडवू लागले. ज्याला देवळात चेंडा, म्हणजे काठ्यांनी वाजवायचा उभा ढोल, वाजवायचा आहे, तो आमच्याकडे आधी दगडावर वाजवतो. मारारांनी सत्तरी उलटली तरी ते सोडलं नव्हतं. चार दिवस माहेरी आलेली लेक ओमना काळी कॉफी घेऊन आली. वडिलांना ती अच्छन म्हणे.

“अच्छन, आता कुठल्या उत्सवाला जायचंय? शेजारी शिव्या घालत असतील.”

“घालू देत. डावा हात विसरतो गं. त्याला रोज उठवावं लागतं.”

“तुम्हाला काय, जन्मतःच हातात आहे तुमच्या.”

ते हसले, कॉफी प्यायले. बुधवारी पहाटे ते उठलेच नाहीत.

मित्रांनो, त्या डाव्या हाताची गोष्ट मला ठाऊक आहे, कारण ती माझ्या अंगावर घडली. नऊ वर्षांचा अच्युत पहिल्यांदा समोर बसला, तेव्हा त्याचा उजवा हात चालायचा आणि डावा मागून लंगडत यायचा. आशान, म्हणजे त्याचे गुरू, म्हणाले, “देवळात पिढ्यान्‌पिढ्या वाजवणाऱ्या मारारांच्या घरात जन्मून हा असा हात? याला देवळाच्या स्वयंपाकघरात पाठवा. नारळ तरी खवील.” बरोबरची मुलं वर्षा-दीड वर्षात चेंड्यावर गेली. अच्युत सहा वर्षं माझ्यापाशीच राहिला. फोड फुटायचे, काठ्या ओल्या व्हायच्या, पेजेची वाटी हातात ठरायची नाही. त्याच्या डाव्या हाताखाली मला खोल खळगा पडला. उजव्या हाताखाली त्याच्या निम्माही नाही. पुढे त्याच डाव्या हाताने उत्सवात हत्तींच्या रांगेसमोर दोन-दोन तास ताल तोलून धरला. लोक म्हणाले, रक्तातच आहे.

बाराव्या वर्षी ओमनाही माझ्यासमोर बसली होती. तिचा हात बापापेक्षा बरा होता, हे मी शपथेवर सांगतो. दीड वर्षाने तिने काठ्या खाली ठेवल्या आणि म्हणाली, तुमच्यासारखी उपजत देणगी मला नाही. मारारांनी काठ्या पुसून जागेवर ठेवल्या, एवढंच.

मारार गेल्याच्या सोळाव्या दिवशी देवस्थानाचे सचिव नंब्यार आले. गोपुराशी लावायच्या फलकाचा मजकूर त्यांनी लिहून आणला होता: ‘जन्मजात प्रतिभेचे धनी’. ओमनाची संमती हवी होती. “मारारांना शिकावं कुठं लागलं? माशाच्या पिलाला कुणी पोहायला शिकवतं?” मग माझ्याकडे बोट दाखवून म्हणाले, हा दगड कुंपणात बरा बसेल.

मित्रांनो, रागावू नको तर काय करू? कष्ट एकाचे आणि नाव रक्ताचं. देणगी म्हटलं की म्हणणारा सुटतो. त्याला पहाटे उठावं लागत नाही. कुणाचं कौतुक करायचं असेल, तर आधी तो जिथे झिजला ती जागा बघून या. आणि ती कुंपणात गाडू नका.

नंब्यारांनी दाखवलं म्हणून ओमनाने माझ्याकडे पाहिलं. ती खाली बसली. दोन्ही खळगे तिने बोटांनी चाचपले. डाव्याशी तिचा हात थांबला. मग तिने कागद परत केला.

“हे लावू नका, नंब्यारदादा. त्यांचा डावा हात मुळात चालतच नव्हता.”

“अगं, स्तुतीच आहे ही,” नंब्यार म्हणाले.

तिने पुन्हा माझ्या डाव्या खळग्यावर हात ठेवला.

“अच्छन,” ती मोठ्याने म्हणाली, “देणगीचं मी खोटं सांगितलं. माझा हात चांगला होता. मला पहाटे उठायचं नव्हतं.”