कढईजवळ पाणी नको

डांबराच्या कढईजवळ पाणी आणायचं नाही, हा माझ्या नवऱ्याचा नियम. तापलेल्या डांबरात पाणी पडलं की ते फसफसून कढईबाहेर उडतं. म्हणून गच्चीवर आम्ही प्यायच्या पाण्याची बाटलीसुद्धा नेत नसू. तहान लागली की चार जिने उतरायचे. "अहो, एवढा धाक मला सासूबाईंनीही घातला नाही कधी," असं मी म्हणायची. तो हसायचा, पण नियम तो नियम.

त्या दिवशी गळक्या गच्चीचा शेवटचा पट्टा उरला होता. फटी भरून झाल्या होत्या. नवरा गुडघ्यांवर बसून डांबर पसरत होता आणि दीर कढईतून डबे भरून आणत होता. दिराला कशाचा धीर म्हणून नाही. घरात आम्ही त्याला वादळच म्हणतो. तो घाईत वळला, ताज्या डांबरात त्याची चप्पल चिकटली आणि अख्खा डबा नवऱ्याच्या उजव्या हातावर उपडा झाला.

नवरा ओरडला नाही. नुसता हाताकडे बघत राहिला.

दिराने सवयीने रॉकेलचा बोळा उचलला. रोज काम संपलं की आम्ही त्यानेच हात पुसतो. त्याने एकदाच पुसलं आणि बोळ्याबरोबर मनगटाची कातडी निघून आली. मी त्याला ढकललं.

"हात लावू नकोस मेल्या! पाणी हवंय, पाणी!"

पाणी होतं कुठे? गच्चीवरची टाकी कामासाठी आम्हीच रिकामी करायला लावली होती. सगळ्या इमारतीचे नळ कोरडे. मी दारं बडवत खाली सुटले. एका बाईने दाराच्या फटीतून माझं डांबराने माखलेलं तोंड पाहिलं आणि दार लावून घेतलं. तिला मी तोंडाला येईल ते बोलले. तिच्या खालच्या मजल्यावरच्या आजोबांनी मात्र काही न विचारता फरशी पुसायची भरलेली बादली पुढे केली.

धापा टाकत वर पोचले, तर नवरा कढईशेजारीच बसलेला. मला पाहून आता तो ओरडला.

"पाणी मागे घे! कढई तापलेली आहे!"

"अहो, तुमचा हात..."

"मागे घे म्हणतो ना!"

मला त्याचा इतका राग आला की बादली त्याच्याच डोक्यावर ओतावी. पण पाय आपसूक मागे सरले. तोच धडपडत जिन्यापर्यंत आला, पहिल्या पायरीवर बसला आणि हात बादलीत घातला. दीर रडत रडत गाडी आणायला पळाला.

पाण्यात डांबर घट्ट होत गेलं. कोपरापासून बोटांपर्यंत काळं, चकचकीत.

"बघ," नवरा म्हणाला, "आता आत थेंबभर पाणी शिरायचं नाही." मग तो माझ्याकडे वळला. "बोटं चालतील ना गं? हात गेला तर मी काय करू?"

"काही जात नाही हात," मी म्हणाले. मला काय ठाऊक होतं, कपाळ!

"दाबून बघ एकेक बोट. मी सांगतो कळतंय का."

त्याने डोळे मिटून घेतले. मी पाण्यात हात घातला.

"दाब ना," तो म्हणाला.

मी केव्हाची दाबत होते.