तेजकलशातली फुकट वीज

वायर नव्हती, बॅटरी नव्हती. तांब्याच्या कलशात फक्त पाणी होतं. योगराजबाबांनी बल्बचं बूड त्या पाण्याला टेकवलं आणि बल्ब भक्कन पेटला.

डिंडोलीच्या कामगार वस्तीतल्या मैदानात आरोळी उठली. बाया रडायला लागल्या. कापडमिलमधली दिवसपाळी सुटून थेट आलेले लूम कामगार हात जोडून उभे राहिले.

"पाणी बोलतंय, माउली, पाणी!" बाबा माइकवर गरजले. "अमेरिका हादरली! वीज कंपन्या हादरल्या! पण हा तेजकलश मी शेठ लोकांना विकणार नाही. तो तुमच्या पैशातून बनणार. ह्यालाच म्हणतात क्राउडफंडिंग! जगात नवी वस्तू अशीच येते. पहले श्रद्धा, फिर पेमेंट, फिर डिलिव्हरी! मोबाइल काढा, स्कॅन करा, लाइटबिल विसरा!"

मागच्या फ्लेक्सवर भलामोठा स्कॅन कोड होता. त्याला हार घातला होता.

मी अरविंद, इथल्याच मराठी शाळेत विज्ञान शिकवतो. माझ्या शेजारी हर्षदा उभी होती, माझी जुनी विद्यार्थिनी. तिची आई उषाबाई. मिलच्या रोलरमध्ये त्या माउलीची दोन बोटं गेली. तेव्हापासून हर्षदा एकाच गोष्टीमागे लागली. हात अडकताक्षणी मशीन बंद करणारं उपकरण तिनं तयार केलं. बँका दारात उभं करीनात, म्हणून तिनं ते इंटरनेटवर अनोळखी माणसांपुढे मांडलं. लोकांनी थोडे थोडे पैसे घातले आणि पहिली खेप कारखान्यांत लागली. म्हणजे बाबा म्हणत होते त्यातलं अर्धं खरंच होतं. लबाड माणसं खोटं नेहमी असंच खऱ्यात कालवून वाढतात.

"कलश कधी मिळणार?" एवढंच विचारल्याबद्दल बाबांच्या सेवकांनी उखा नावाच्या कामगाराचे पुढचे दात पाडले होते. ते कळल्यावर हर्षदानं ठरवलं, सभेत उभं राहायचं. उषाबाईंनी दार अडवलं होतं. "पोरी, तू तठे नको जाऊ. भूप्या काठी लिसन उभा शे."

भूप्या म्हणजे भूपेंद्र, हर्षदाचा थोरला भाऊ. तो बाबांच्या सेवकांचा पुढारी होता आणि सभेत काठी घेऊन उभा असायचा.

हर्षदा गर्दीतून वाट काढत स्टेजवर चढली. पिशवीतून तिनं साधा बल्ब काढला.

"बाबा, वीज पाण्यात आहे ना? मग माझा बल्ब पेटवून दाखवा."

बाबा हसले. "बेटी, तुझा बल्ब अशुद्ध आहे."

"मग तुमचा द्या. मी तो उघडून लोकांना दाखवते."

बाबांचं हसू मावळलं. ते माइकवर ओरडले, "कलश थंड पडतोय! हिच्या पापानं तुमचे पैसे बुडणार!"

पैसे बुडणार म्हटल्यावर समोरची माणसं माणसं राहिली नाहीत. एकानं हर्षदाचे केस धरून तिला खाली आपटलं. मी धावलो तर तोंडावर बुक्की बसली. चष्मा फुटला, नाकातून रक्ताची धार लागली. "मारो! काटो!" खुर्च्या भिरकावल्या जात होत्या. एका बाईनं चप्पल काढली; तिच्याच नवऱ्याच्या मशीनला हर्षदाचं उपकरण लागलेलं होतं. त्या गोंधळात भूपेंद्र पुढे आला. समोर बहीण आहे हे त्याला दिसत होतं. तरी त्यानं काठी उगारली.

हर्षदानं डावा हात आडवा धरला. हाड मोडल्याचा आवाज मला ऐकू आला. दुसरा फटका डोक्यात बसला. कलश कलंडला, बाबांचा बल्ब घरंगळत तिच्याजवळ आला. तिनं रक्तानं माखलेल्या उजव्या मुठीत त्याचं बूड घट्ट धरलं.

आणि बल्ब पेटला.

भूपेंद्रची तिसऱ्यांदा उचललेली काठी वरच राहिली.

"बघा," हर्षदा धापा टाकत म्हणाली. "आता माझं रक्त पवित्र झालं का?"

मी माइक ओढून घेतला. "हा लाइट गेल्यावर चालणारा बल्ब आहे. दुकानात मिळतो. बॅटरी याच्या पोटातच असते. बुडाची दोन टोकं पाण्यानं, घामानं, रक्तानं, कशानंही जोडली की तो पेटतो. कलशात वीजबीज काही नाही, लोकहो!"

मग एका माणसानं बल्ब हिसकावून ओल्या तळहाताला लावला. पेटला. दुसऱ्यानं लावला. पेटला. आणि तीच गर्दी बाबांवर तुटून पडली. फ्लेक्सचा बांबू उपटून कुणी त्यांच्या पाठीत घातला. बाबांच्या तोंडातून "माफ करो" निघत होतं आणि सोबत रक्त.

"थांबा!" मोडका हात छातीशी धरून हर्षदा मध्ये पडली. "मघाशी मला मारताना विचार केला नाहीत. आता तरी करा! याला मारलंत तर तुमचे पैसे कुठे गेले ते सांगणार कोण? पोलिसांना बोलवा."

शेवटी पोलिस आले. बाबांना उचलून नेलं, तेव्हा भूपेंद्र स्वतः जीपकडे गेला. "साहेब, मला पण घ्या. मैंने अपनी बहन को मारा है." हर्षदानं त्याच्याकडे पाहिलंही नाही. तक्रारीत तिनं त्याचं नाव सांगितलं. उषाबाई दवाखान्याच्या बाकावर बसून दोन्ही लेकरांसाठी रडल्या.

हर्षदाचा हात प्लास्टरमध्ये असताना मी तिला विचारलं, "आता लोक तुझ्यासारख्यांनाही पैसे देणार नाहीत, नाही का?"

"द्यावेत, सर," ती म्हणाली. "पण तपासून. मी माझं उपकरण कुठं चालतं ते दाखवलं, तसंच ओल्या कापडावर कुठं चुकतं तेही लिहिलं. खेप लांबली तेव्हा कारण कळवलं. ज्यांना थांबायचं नव्हतं, त्यांचे पैसे परत केले. शोध लावणारा चुकू शकतो. पण तो तपासायला नाही म्हणत नाही."

वाचकहो, नव्या वस्तूंना आणि त्या बनवणाऱ्या पोरापोरींना खुशाल हात द्या. मोठा शेठ पाठीशी नसतानाही चांगली कल्पना उभी राहू शकते, ती अशा सामान्य माणसांच्या जोरावरच. फक्त पैसे टाकण्याआधी म्हणा, "उघडून दाखवा." दाखवणाऱ्याला साथ द्या. आणि समोरच्यानं उत्तराऐवजी काठी उगारली, तर समजा, उत्तर मिळालं.