फांदीआडचा आकडा

"आता हलू नकोस हं!" ताई रस्त्यापलीकडून ओरडली, आणि धाकटीने श्वाससुद्धा आवरून धरला.

तिच्या हातात इंग्रजी आकडे रंगवलेली, तिच्याहून कितीतरी उंच पट्टी होती. पट्टी एका दगडावर उभी. ताईने तिपाईवरच्या दुर्बिणीतून तिच्यावरचा आकडा वाचायचा, मग तिपाई उचलून पुढे जाऊन तिथून पुन्हा वाचायचा, आणि तोवर पट्टीने दगडावरून तसूभरही हलायचं नाही. कॉलेजच्या फाटकाजवळच्या खुणेपासून निघून, पाण्याच्या टाकीला वळसा घालून, पुन्हा त्याच खुणेवर. सगळ्या चढउतारांची बेरीज-वजाबाकी शेवटी शून्यावर यायला हवी. फार तर चारदोन मिलिमीटर इकडेतिकडे.

मागच्या आठवड्यात ताईचा फरक आला होता शाळेतल्या फूटपट्टीएवढा! सरांनी वही परत दिली. आज संध्याकाळपर्यंत जुळलं नाही, तर हा जमीन-मोजणीचा विषय पुढच्या वर्षी पुन्हा. तेव्हा पट्टी धरली होती चश्मिशने, ताईच्या अगदी जिवाभावाच्या मैत्रिणीने. "तू हललीस," ताई म्हणाली. "नाही हलले," चश्मिश म्हणाली. तेव्हापासून दोघींचं बोलणं बंद आणि आज पट्टीला धाकटी.

खरं तर घरात धाकटीला सगळे भिरभिरं म्हणत. जेवतानासुद्धा तिचा एक पाय टेबलाखाली नाचत असे. पण आज तिने मनाशी पक्कं केलं होतं. नाक खाजलं, तिने खाजवलं नाही. वर्गातल्या मुली सायकलींवरून हाका मारत गेल्या, तिने फक्त भुवया उडवल्या. एक टेम्पो मागे येत येत अगदी तिच्यापाशी थांबला.

"ए पोरी, सरक की जरा!"

"काका, मी सरकले तर माझी ताई नापास होईल."

टेम्पोवाल्याने खाली उतरून पट्टी पाहिली, दुर्बीण पाहिली. "मग राहा बाई," तो म्हणाला, आणि येणाऱ्याजाणाऱ्यांनाच हात करून लांबून जायला सांगू लागला.

ऊन कलताना दोघी खुणेवर परत आल्या. ताई फाटकाच्या कट्ट्यावर बसून हिशेब करू लागली. धाकटी आता दोन्ही पायांवर नाचत होती. मग ताईचं पेन थांबलं.

"तूही हललीस."

"मी? त्या टेम्पोवाल्या काकांना विचार! मी देवळातल्या खांबासारखी उभी होते."

"मग हा फरक कुठून आला?"

"किती आलाय?"

"तेवढाच. मागच्या वेळेइतकाच."

धाकटी थांबली. "म्हणजे मी आणि चश्मिशताई, दोघी मोजूनमापून सारख्याच हललो?"

ताईचं बोट वहीतल्या आकड्यांवरून खाली सरकत गेलं आणि एका जागी अडलं. "टाकीजवळचं झाड. पानांच्या फटीतून एकच आकडा दिसत होता. नऊ."

"तिथे? तिथे तर मी तुला डोळा मारला होता!"

"पाहिला. उलटा. या जुन्या दुर्बिणीत सगळंच उलटं दिसतं. तुझा आगाऊपणा अगदी आकड्याच्या शेजारी होता."

"मग आकडा माझ्या डोळ्याशेजारी ना? नऊ तर माझ्या डोक्याच्याही वीतभर वर आहे. एवढ्या वर माझा डोळा गेला कसा?"

ताईने वही हळूहळू फिरवली आणि उलटी धरली.

मग दोघी पळतच टाकीकडे गेल्या. तिपाई पुन्हा मांडली, दोन्ही बाजूंचे आकडे पुन्हा घेतले. या वेळी ताईने जवळच्या पानवाल्याला फांदी वर धरायला लावली, तेव्हा पाच आणि सातच्या मधोमध, डोकं खाली पाय वर असा, ठसठशीत सहा दिसला. जुन्या आकड्यांवर एकच आडवी रेघ मारून ताईने शेजारी नवे लिहिले. फरक आला तीन मिलिमीटर.

धाकटीने रस्त्यातच गिरकी घेतली. "चल, सरांकडे! पळ!"

पण ताई वही मिटून तिथेच उभी राहिली होती. तिने फोन काढला, परत ठेवला, परत काढला.

पलीकडे चश्मिशने फोन उचलला.

"सहा होता गं," ताई म्हणाली. "मीच नऊ वाचला. दोन्ही वेळा."

धाकटीने ताईच्या कानाला कान लावला.

"पुढच्या मोजणीला," पलीकडून आवाज आला, "दुर्बिणीशी मी. पट्टी तू धरायचीस. उन्हात."

"हो."

"आणि नाक खाजलं तरी खाजवायचं नाही."

ताई इतकी हसली, की तिला तिपाईचा आधार घ्यावा लागला.