मागे फिर

लिफ्ट दुरुस्त करणाऱ्या मिस्त्रीच्या डोक्याला त्या दिवशी इतके ताप होते, की साक्षात देव दारात उभा राहिला असता तरी त्यानं "जरा थांबा, नंबर लावा" म्हणून सांगितलं असतं. साहेबाचे फोनवर फोन. दोन इमारतींत लिफ्ट बंद पडलेली आणि तिथली माणसं खवळलेली. घरी पोरगी तापानं फणफणलेली, आणि बायको सारखी विचारत होती, "अहो, निघालात का?" निघतोय कसला! श्वास घ्यायलाही फुरसत नव्हती.

त्यातच तो आवाज सुरू झाला.

"मागे फिर."

आवाज कसला, कुजबुजच. मागच्या गाडीच्या हॉर्नखाली सहज दबून जावी अशी, पण दबत नव्हती. गाडीत हत्यारांच्या पेटीशिवाय कुणी नव्हतं. तरी त्यानं वळून पाहिलं.

मिस्त्री घाबरला, आणि उगाच नाही. त्याचे काका असेच आवाज ऐकता ऐकता शेवटी भिंतीशी बोलायला लागले होते. तिला जेवलीस का विचारायचे. घरातले हसायचे, आणि निजताना आपापल्या खोलीला आतून कडी लावायचे. हे खूळ रक्तातच असेल तर? त्यानं रेडिओ मोठा केला. एक गाणं संपून दुसरं सुरू होईपर्यंत जी काय फट होती, तेवढ्यात पुन्हा तेच. मागे फिर.

बरं, फिरायचं कुठे? सकाळी त्यानं एकच काम केलं होतं. एका जुन्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावरचं लिफ्टचं दार नीट लागत नव्हतं. दार उघडं असलं तर लिफ्ट हलत नाही, आणि लिफ्ट समोर नसली तर दार उघडत नाही. दुरुस्तीपुरती ही सगळी राखण तारेचा तुकडा जोडून झोपवतात. काम झालं की तार आठवणीनं काढायची. विसरलात तर दार उघडं ठेवूनही लिफ्ट निघून जाते, आणि मागे राहतो तो नुसता खड्डा.

त्यानं खिसा चाचपला. तार खिशात होती. तरी त्यानं मेहुण्याला फोन लावला. सकाळी तो बरोबर होता, पण साहेबानं त्याला अर्ध्यातूनच दुसरीकडे पिटाळलं होतं.

"तार काढली होती ना रे?"

"काढली की दाजी. तुमच्याच हातात तर पाहिली मी. घरी जा आता, ताई वैतागलीय."

झालं, प्रश्न मिटला. तरी मिस्त्रीच्या अंगावरचा काटा काही जाईना. त्याची आई म्हणायची, देव कधी ओरडत नाही रे, ओरडतो तो मुकादम. आयुष्यभर तो मुकादमांचंच ऐकत आला होता. एवढ्यात साहेबाचा फोन आला. त्यानं तो कापला, नोकरी लागल्यापासून पहिल्यांदा, आणि गाडी वळवली. वेड लागलं असेल तर लागू दे, म्हणाला.

इमारतीचा जिना तो धापा टाकत चढला. तिसऱ्या मजल्यावर लिफ्टचं दार सताड उघडं होतं. आत काळोख. लिफ्ट कुठेतरी वर घरघरत होती. आणि उंबऱ्यावर एक म्हातारा, एक हात चौकटीवर, दुसऱ्या हातानं आतली भिंत चाचपत उभा.

"दिवा गेलाय वाटतं आतला," म्हातारा स्वतःशीच पुटपुटला आणि त्यानं पाय उचलला.

ओरडावं तर म्हातारा दचकून पुढेच जाणार. मिस्त्रीनं तोंड उघडलं आणि तो अगदी हळू बोलला.

"आजोबा, मागे फिरा."

म्हाताऱ्यानं पाय मागे घेतला. मिस्त्रीनं त्याचा दंड धरून त्याला पायरीवर बसवलं, दार लावून घेतलं आणि धावत वर मोटारीच्या खोलीत जाऊन वीज तोडली. तिथल्या विजेच्या पेटीत दुसरी तार जोडलेली होती, मेहुण्याची. एकानं खाली लावली, एकानं वर, आणि काढताना दोघांनी मिळून एकच काढली होती.

तो खाली आला. तो म्हाताऱ्याशेजारी बसला आणि त्यानं पुन्हा त्याचा दंड धरला. म्हातारा फुरंगटला होता.

"एकदा सांगितलं की कळतं मला. मघापासून आपलं तेच तेच, मागे फिर, मागे फिर. कोण हा कटकट्या म्हणून थांबलो, नाहीतर केव्हाच आत गेलो असतो. आणि वयाचा काही मान? आता आजोबा म्हणताय, आणि मघाशी सरळ अरेतुरे?"

मिस्त्रीनं एकदाच सांगितलं होतं. जिन्यावर वर-खाली दुसरं कुणी नव्हतं.

"चुकलं, आजोबा," तो म्हणाला. म्हाताऱ्याचा दंड सोडायचा त्याला धीर होईना.