ब्रेक लावून बसलेला कॅप्टन

मंदी आली तेव्हा कॅप्टन अगदी निर्धास्त होता. विमानं रिकामी उडू लागली, पहिल्या रांगेत बसलेल्या एकट्या प्रवाशाला शेवटच्या रांगेतलं कोणी दिसेना, तरी याच्या कपाळावर आठी नाही. कारण पायलट काढायची वेळ आली तर शेवटी आलेला आधी जाणार, हा कंपनीचा जुना नियम. आणि कॅप्टन इतका जुना की त्याच्या आधी लागलेले एक तर निवृत्त झाले होते, नाही तर वारले होते.

"मला काढायचं तर आधी अख्खी कंपनी काढावी लागेल," त्याने बायकोला ऐकवलं.

बायको दातांची डॉक्टर. लोकांच्या दुखऱ्या जागी बरोबर बोट ठेवायची तिला सवयच. "मग त्याच कामाला लागलेत बहुतेक," ती म्हणाली आणि दवाखान्यात निघून गेली.

कर्मचाऱ्यांचा कारभार बघणारे एक तरुण साहेब होते. त्यांनी सगळ्यांना कॅन्टीनमध्ये गोळा केलं आणि गळा दाटून येत असल्यासारखं म्हणाले, "आपण सगळे एक कुटुंब आहोत." आदल्याच आठवड्यात काहींना मेलवर नारळ मिळाला होता. मागच्या टेबलावरून कॅप्टन मोठ्याने म्हणाला, "आमच्या घरी आत्याला मेल पाठवून बाहेर काढत नाहीत हो!" सगळे हसले. साहेब हसले नाहीत.

पुढे कंपनीने मोठी विमानं बाजूला ठेवायचं ठरवलं. दूर एका कोरड्या, ओसाड माळावर अशा विमानांचा तळ होता. तिथल्या हवेत धातू गंजत नाही, म्हणून जगभरच्या कंपन्या नको झालेली विमानं तिथे नेऊन उभी करायच्या. या कामाला सगळ्यात अनुभवी माणूस म्हणून कॅप्टनची निवड झाली, तेव्हा त्याची छाती फुगली. सहकाऱ्यांनी मात्र त्याचं नाव खांदेकरी ठेवलं.

जोडीला सहपायलट म्हणून धाकटी. कंपनीत सगळ्यात शेवटी लागलेली, म्हणून धाकटी. तोंडाने मात्र कोणालाच धाकटी नव्हती.

एकदा असंच एक विमान पोचवायला जाताना तिने विचारलं, "सर, आपल्याला फक्त मोठी विमानं चालवता येतात ना?"

"हो. मग?"

"आणि मोठी विमानं आपणच एकेक करून पुरून येतोय. सगळी संपली की आपण काय चालवायचं?"

"लहान चालवू."

"लहान चालवायला लहानवाले आहेत की!"

कॅप्टन ढगांकडे असा रागाने बघू लागला, जणू त्यांनीच हा विषय काढला होता. घरी मात्र ही गोष्ट त्याने सांगितली नाही. बायको "मी म्हटलं नव्हतं?" म्हणाली असती, आणि ते ऐकायची हिंमत त्याच्यात नव्हती.

शेवटचं विमान त्यांनी नेलं तो दिवस लख्ख उन्हाचा होता. माळावर विमानंच विमानं. खिडक्यांवर चंदेरी कागद चिकटवलेले, इंजिनांची तोंडं लाल कापडाने बांधलेली. दाढ दुखणाऱ्यांची रांग बसावी तशी ती मुकाट उभी होती. धावपट्टीवरून तळाकडे जायला एकच अरुंद रस्ता. वाट दाखवणारी गाडी यायची होती म्हणून दोघं तिथे थांबले आणि त्यांनी फोन चालू केले.

कॅप्टनचा फोन लगेच वाजला. बायको होती. "अरे, ऐक. घरच्या कॉम्प्युटरवर तुझा मेल आलाय. कामावरून काढलंय तुला. तत्काळ. सकाळीच आलाय, तू उड्डाण करायच्या आधी." मग जरा थांबून ती म्हणाली, "जेवलास का?"

कॅप्टनने शेजारी पाहिलं. धाकटी आपल्या फोनकडे बघत होती. तिचा चेहराच सांगत होता की तिलाही तोच मेल आलाय.

एवढी वर्षं ज्या नियमावर कॅप्टन पाय पसरून झोपला होता, तो नियम कोणी वाचलासुद्धा नव्हता. समोर वाट दाखवणारी गाडी येऊन उभी राहिली, तिचा दिवा लुकलुकू लागला. सवयीने त्याचा हात ब्रेक सोडायला गेला आणि मध्येच थबकला.

"अगं, आपण सकाळपासून नोकरीत नाही ना?"

"नाही सर."

"मग हे विमान इथवर आणलं कोणी?"

धाकटीने डोळे पुसले. मग तिच्या ओठांचा कोपरा हलला. "कोणास ठाऊक सर. मी तर इथे पाहुणी."

कॅप्टनने ब्रेक तसाच ठेवला आणि खुर्ची मागे सरकवली.

थोड्या वेळाने तळाचा मिशीवाला मुकादम विमानाखाली येऊन हातवारे करू लागला. कॅप्टनने बाजूची खिडकी सरकवली. "पुढे घ्या!" मुकादम ओरडला.

"घेतलं असतं हो, पण मला अधिकार नाही. कंपनीने काढलंय. परक्याच्या विमानाला हात कसा लावू?"

"अहो, मागे दुसऱ्या कंपनीचं विमान येऊन उभं राहिलंय!"

विमानाला हॉर्न नसतो, ही त्या दिवशी सगळ्यांवर मोठीच मेहेरबानी होती.

अखेर कंपनीतून तरुण साहेबांचा फोन आला. कॅप्टनने तो स्पीकरवर टाकला. "कॅप्टन, हा काय पोरखेळ? विमान जागेवर लावा."

"कोणत्या नात्याने?"

"म्हणजे?"

"म्हणजे, साहेब, आज तुमचं विमान नोकरीत नसलेल्या दोन माणसांनी उडवलं. विमा कंपनीला हे कळलं तर ती काय म्हणेल, याचाच विचार करतोय. इथे वेळही भरपूर आहे."

पलीकडे एकदम कुजबुज सुरू झाली. कोणीतरी कोणालातरी वकिलाला बोलव म्हणालं. मग साहेबांचा आवाज मधाळ झाला. "तुमचं बघू आपण, कॅप्टन. तुमचा मेल मागे घेतो. त्या मुलीचं मात्र जमणार नाही."

कॅप्टन गप्प बसला. खरं सांगायचं तर जरा जास्तच वेळ गप्प बसला. त्याला बायकोचा चेहरा दिसला, निवृत्तीला उरलेली वर्षं दिसली, आणि 'हो' अगदी जिभेच्या टोकावर आलं. धाकटीने ते बरोबर ओळखलं. ती फोनकडे वाकून म्हणाली, "चालेल साहेब. मग सर एकटेच विमान लावतील. दोन पायलटशिवाय हे हलवायचं नाही असा नियम आहे, पण नियमांचं काय एवढं!"

कॅप्टनचे कान लाल झाले. "ऐकलंत ना?" तो घसा खाकरत म्हणाला. "दोघांचं बघा. नाही तर आम्ही आपले बसलोय इथे गार हवेत."

मुकादमाच्या मिशीवर घाम जमला, मागच्या विमानाच्या कॅप्टनने खिडकीतून काही शिव्या दिल्या, आणि मग दोघांचेही फोन वाजले. काढल्याचा मेल रद्द. मंदी असेपर्यंत अर्धा पगार, पण नोकरी शाबूत. धाकटीने तो मेल शब्दन् शब्द मोठ्याने वाचला, आणि मगच कॅप्टनने ब्रेक सोडला.

परतीचं तिकीट काढायला कंपनी अर्थातच विसरली होती. दोघं धुळकट बसने निघाले. बराच वेळ गेल्यावर धाकटी म्हणाली, "सर, तुम्ही मला सोडणार होतात ना?"

"हो," कॅप्टन म्हणाला.

"वाटलंच मला." तिने पिशवीतलं बिस्किटांचं पाकीट काढलं आणि त्याच्यापुढे धरलं.

काही महिन्यांनी कॅप्टन दुपारचा घरीच लोळत असताना तरुण साहेबांचा फोन आला. आवाज पार उतरलेला. "कॅप्टन, आज मलाही मेल आला. त्या दिवशी तुम्ही नक्की काय केलंत हो?"

"काही नाही. माझ्या हातात त्यांचं विमान होतं, ते सोडलं नाही. तुमच्या हातात काय आहे?"

साहेबांनी बराच विचार केला. "खुर्ची."

"चाकं आहेत तिला?"

"आहेत."

"मग ऑफिसच्या दारात आडवी लावा," कॅप्टन म्हणाला, "आणि बसून राहा."